पॅरिशचा क्लब आणि फोंड्याचा नातू

प्रश्न : माझी मुलगी व जावई नोकरीनिमित्त आयर्लंडमध्ये कॉर्क येथे राहतात. नऊ वर्षांच्या नातवाचे नाव त्यांनी तेथील गावच्या क्लबात घातले असून तो हातात लाकडी काठी घेऊन हर्लिंग खेळतो आणि गेलिक फुटबॉलही खेळतो. हा क्लब चर्चच्या पॅरिशचा आहे, असे कळले. आम्ही हिंदू आहोत. मुलाला तेथे परकेपणा तर वाटणार नाही ना? शिवाय काठीचा खेळ धोक्याचा नाही का?
— एक आजी, फोंडा

उत्तर : आपली काळजी रास्त आहे. मात्र येथे पॅरिश या शब्दाचा अर्थ आपल्याकडच्या वाड्याच्या किंवा गावाच्या हद्दीसारखा घ्यावा. १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्लस या गावी गेलिक ॲथलेटिक असोसिएशनची, म्हणजे या दोन्ही खेळांचा कारभार पाहणाऱ्या संघटनेची, स्थापना झाली, त्या काळी आयरिश शेतकरी आपला ठावठिकाणा पॅरिशवरूनच सांगत असे, आणि म्हणून क्लबांची आखणीही त्याच सीमांवर झाली. सभासदत्वाला धर्माची अट नाही. गोव्यात भाताची कापणी झाल्यावर मोकळ्या शेतात फुटबॉल रंगतो, तेव्हा जो ज्या वाड्यात राहतो तो त्याच वाड्याकडून उतरतो. तिकडेही जेथे वाढलो त्या क्लबाकडून जन्मभर खेळावे, ही रीत आहे. डब्लिनच्या क्रोक पार्कवर ८२ हजारांहून अधिक प्रेक्षक मावतात. तेथे अंतिम सामना खेळणाऱ्यालाही वेतन मिळत नाही, तो नोकरी सांभाळून खेळतो आणि आपल्या गावच्या क्लबाचा सभासदच राहतो. हौशीपणाची ही परंपरा मला या खेळांचे सर्वांत मोठे वैभव वाटते. परक्या देशात मुलाला गाव मिळवून देणारी याहून चांगली जागा मला तरी सुचत नाही.

धोक्याविषयी स्पष्टच लिहितो. बोटांना मार लागतो, नडगी सुजते. हे टळत नाही. परंतु २०१० पासून हर्लिंगमध्ये सर्व वयोगटांना तोंडावर जाळी असलेले हेल्मेट सक्तीचे आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे सामने लहान मैदानावर, कमी खेळाडूंत होतात, आणि हार-जितीपेक्षा प्रत्येक मुलाला खेळायला मिळण्यावर भर असतो. ॲश वृक्षाच्या लाकडाची ती काठी, म्हणजे हर्ली, मुलाच्या उंचीला साजेशी आहे ना आणि हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली नीट बसतो ना, एवढे मुलीला अवश्य पाहायला सांगावे.

आपण चित्रफितीवर हर्लिंगचा सामना पाहणार असाल, तर इंग्रजी एच अक्षरासारख्या गोलखांबांकडे लक्ष ठेवावे. आडव्या दांडीवरून चेंडू गेला की एक गुण, खालून जाळ्यात गेला की गोल, आणि एका गोलाचे तीन गुण धरतात. धावफलकावर गोल व गुण वेगवेगळे लिहितात, म्हणून १-१२ म्हणजे पंधरा गुण होत. एवढे कळले की नातवाशी फोनवर बोलताना अडखळायला होणार नाही.

आणि बोलताना त्याला, आज काठीवर चेंडू तोलून किती पावले धावलास, असे विचारावे. हातात चेंडू धरून चारपेक्षा अधिक पावले टाकता येत नाहीत, काठीवर तोलून मात्र हवे तितके धावता येते, आणि त्याच्या वयाची मुले हेच कसब अंगणात तासन्‌तास घोटत असतात.