वाचक विचारतात: बोटी ऑस्ट्रेलियाने थांबवल्या, ब्रिटनला का नाही जमलं?

प्रश्न: ऑस्ट्रेलियाने म्हणे बेकायदा येणाऱ्यांच्या बोटी बंदच करून दाखवल्या, मग ब्रिटनला एवढे पैसे ओतून ते बोटीने आलेल्यांना आफ्रिकेतल्या रवांडात पाठवायचं का जमलं नाही? आमच्या कट्ट्यावर परवा यावरून चांगलीच जुंपली, मी म्हणतो इच्छाशक्तीच नाही, दुसरं काय! – एक वाचक, सांगली

उत्तर: इच्छाशक्ती भरपूर होती हो, जॉन्सन, ट्रस, सुनक असे तीन पंतप्रधान मागे लागले होते. गोची वेगळीच आहे. ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०१२ मध्ये, पंतप्रधान गिलार्डबाईंच्या काळात, बोटीने येणाऱ्यांना नाउरू आणि पापुआ न्यू गिनी देशातल्या मानुस या बेटांवर पाठवायचं परत सुरू केलं, लोक घाबरतील म्हणून. आणि झालं काय, तर २०१३ मध्ये उलट २० हजारांच्या वर लोक आले! म्हणजे नुसत्या बेटाच्या भीतीने कोणी थांबलं नाही. जुलै २०१३ मध्ये नवे पंतप्रधान रड यांनी सांगितलं की बोटीने आलेल्याला इथे कायमचं राहूच देणार नाही, त्यानंतर आकडा उतरायला लागला हे खरं, पण सप्टेंबरात अ‍ॅबट सत्तेवर आले आणि नौदल लावून बोटी भर समुद्रातूनच मागे वळवायला लागले, काही वेळा तर बोट धड नाही म्हणून लोकांना सरकारनेच विकत घेतलेल्या केशरी लाइफबोटीत बसवून इंडोनेशियाकडे पाठवलं, इंडोनेशिया चिडला तरी. २०१४ मध्ये बोटी जवळपास बंद.

आता हे इंग्लिश खाडीत करून बघा. डोव्हर ते कॅले जेमतेम ३३ किलोमीटर, रबरी डिंगी, त्यात पोरंबाळं, ढकलायला गेलात तर उलटणार, आणि पलीकडे फ्रान्स, तो काय गुपचूप परत घेणार होता? बोटी मागे ढकलायचा प्लॅन ब्रिटनने स्वतःच एप्रिल २०२२ मध्ये गुंडाळला. ब्रेक्झिटमुळे युरोपात परत पाठवायचा डब्लिन करारही हातचा गेला होता, ते आपल्याच पायावर धोंडा.

मग उरलं रवांडा. त्याच एप्रिलात घोषणा झाली, जूनमध्ये विमान तयार होतं तर स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवाधिकार कोर्टाने ऐनवेळी थांबवलं, नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनच्याच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की रवांडा माणसांना पुन्हा त्यांच्या मूळ देशात पाठवेल असा धोका आहे, योजना बेकायदेशीर. तर पार्लमेंटने कायदाच केला की रवांडा सुरक्षित आहे! (माझ्या आजोळी पंचायतीने ठराव करून ओढ्याचं पाणी गोड ठरवलं होतं, त्याची आठवण झाली.) जबरदस्तीने एकही माणूस गेला नाही, चौघं गेले ते स्वखुशीने, सरकारकडून ३ हजार पौंडांपर्यंत पैसे घेऊन. जुलै २०२४ मध्ये स्टार्मर पंतप्रधान झाले आणि योजना रद्द, खर्च ७० कोटी पौंड असं नव्या सरकारचं म्हणणं.

आणि हिशोब बघा ना, २०२२ या एका वर्षात ४५ हजारांच्या वर लोक बोटींनी आले, रवांडाकडे सुरुवातीला सोय होती काहीशे जणांची. वाळवंट आणि लिबिया पार करून, कर्ज काढून एजंटला पैसे दिलेला माणूस शंभरात एकाच्या चान्सला घाबरेल का?

बाकी ऑस्ट्रेलियाचंही फार कौतुक नको. मानुसवर माणसं वर्षानुवर्षं सडली, २०१४ च्या दंगलीत एका इराणी तरुणाला मारून टाकलं, आणि २०१६ मध्ये पापुआ न्यू गिनीच्या कोर्टाने लोकांना तिथे डांबणंच बेकायदेशीर ठरवलं. कट्ट्यावर हेही सांगा.

प्रश्न: ताई, माझा मुलगा लेस्टरला एमएस करतोय, सुनेला डिपेंडंट व्हिसा मिळत नाहीये. हे बोटवाल्यांमुळेच ना? – एक आई, पुणे

उत्तर: नाही हो. जानेवारी २०२४ पासून रिसर्चवाले आणि काही मोजके सरकारी स्कॉलरशिपवाले सोडले तर विद्यार्थ्यांना जोडीदार नेताच येत नाही, आणि तो नियम कायदेशीर येणाऱ्यांचा आकडा कमी करायला आणलाय. बोटी थांबवणं अवघड, व्हिसा नाकारणं सोपं, त्यामुळे पहिला तडाखा रांगेत उभा राहणाऱ्यालाच बसतो. सुनेला स्वतःचा व्हिसा काढता येतो का ते बघा.