हे ख्रिश्चन आहे की मराठी?

बाळा,

परवा गाडीत तू जे विचारलंस ते ट्रॅफिक लाइट हिरवा होईपर्यंत सांगण्यासारखं नव्हतं म्हणून लिहितेय, आणि मराठीतच लिहितेय, तुला वाचता येतं, उगाच आळस करू नकोस. तुझं म्हणणं असं की चर्चमधल्या तुझ्या मित्राच्या घरी तू राहायला गेलास तर तिथे कोणी जेवायच्या आधी प्रार्थना केली नाही, रात्री कोणी एकत्र बसलं नाही, आणि ते पण ख्रिश्चनच आहेत. मग आपल्या घरात हे सगळं आपण ख्रिश्चन म्हणून करतो की मराठी म्हणून? आणि वर शाळेतला तो दुसरा मुलगा म्हणाला की मराठी लोक ख्रिश्चन नसतातच.

त्या दुसऱ्या मुलाचं आधी उरकते. थॉमस स्टीफन्स नावाचा माणूस इथूनच, इंग्लंडमधूनच, गोव्याला गेला, तिथली भाषा शिकला आणि ख्रिस्ताची सगळी कथा त्याने मराठी ओव्यांमध्ये लिहिली, दहा हजारांवर ओव्या, १६१६ साली छापून झाल्या. चारशे वर्षं झाली. आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्याला एवढं सांग आणि सोडून दे, वाद घालत बसू नकोस.

आता तुझा खरा प्रश्न. आजीच्या घरी, म्हणजे मी लहान असताना नगर जिल्ह्यात, दिवेलागणीनंतर चटई टाकायची. आजोबा पेटी घ्यायचे, तिचा एक सूर अडकलेला होता, तो आला की सगळे जरा मोठ्याने गायचे म्हणजे कळत नसे. गाणी बरीचशी ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक यांची, भजनाच्या चालीची, टाळ वाजवायला माझ्यात आणि मामात भांडण. मग बायबलमधला एक अध्याय, प्रत्येकाने एकेक वचन वाचायचं, ज्याला वाचता येत नाही त्याने मोठ्याच्या मागे म्हणायचं, मग आजोबांची प्रार्थना. ती प्रार्थना म्हणजे आमची परीक्षाच असायची कारण त्यात सगळं गाव यायचं, आजारी म्हैस यायची, माझे गणितातले मार्क यायचे, आणि भूक लागलेली असायची. शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना, "आमची रोजची भाकर" इथे मामा हमखास चुलीकडे बघायचा.

आता यातलं ख्रिश्चन काय आणि मराठी काय, तूच सांग. पेटी, टाळ, भजन, चटई, सांजवेळ हे आपल्या शेजाऱ्यांकडे पण होतं, त्यांच्या घरी हरिपाठ चालायचा, आमच्या घरी हे. टिळक स्वतःच म्हणायचे की मी तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. वसईकडच्या कॅथलिक घरांमध्ये संध्याकाळी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची पद्धत आहे, ती आपली नाही, पण दिवस मावळला की घरातल्यांनी एकत्र बसायचं हे तिकडेही आहेच. म्हणून मला वाटतं बसण्याची पद्धत आपण गावाकडून घेतली आणि बसून करायचं काय ते बायबलमधून. तुझ्या मित्राच्या घरी पद्धत वेगळी असेल, ते झोपताना एकेकटे करत असतील, येशूने तर दार लावून गुपचूप प्रार्थना कर असंही सांगितलंय, तेव्हा त्यांना कमी समजू नकोस.

पण एक गोष्ट मी तुला सोडू देणार नाही, ती म्हणजे भांडण मिटवल्याशिवाय प्रार्थनेला बसायचं नाही ही. तुला ती फार जाचते हे मला माहितीये, मागच्या आठवड्यात ताईशी बोलायला लागू नये म्हणून अर्धा तास बाथरूममध्ये बसला होतास. हा आजीचा नियम. आजोबांचं आणि शेजारच्या शेतकऱ्याचं बांधावरून वाजलं होतं, नेहमीचं, त्याने नांगरताना बांध कोरला म्हणून, आणि बोलणं बंद. तर एका संध्याकाळी आजोबांनी प्रार्थनेत त्या माणसाचं नाव घेतलं, की प्रभू त्याला सुबुद्धी दे वगैरे, आणि आजी डोळे न उघडता मध्येच म्हणाली, "देवाला सांगताय ते त्याला जाऊन सांगा आधी, मग आमेन म्हणते." आम्ही पोरं हसायला लागलो. आजोबा चिडले, पेटी बंद केली, प्रार्थना तशीच राहिली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्याच्याकडे गेले, चहा पिऊन आले. बांध काही त्यामुळे सरकला नाही हां, तो पुढे सरकारी मोजणी आणली तेव्हाच मिटला, आणि त्यातही थोडी चूक आपलीच निघाली! पण मोजणीच्या दिवशी दोघं एकाच झाडाखाली बसून डबा खात होते. हे आजीने कुठून काढलं तर मत्तयच्या पाचव्या अध्यायातून, वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. चर्चमध्ये यावर प्रवचनं पुष्कळ ऐकली मी, पण तेव्हा आजीने जे केलं त्याची सर कशालाच नाही.

रविवारी चर्चमध्ये सगळेच चांगले असतात रे, इस्त्रीचे कपडे, हळू आवाज. पण घरात कळतं. म्हणून घरात काय चालतं त्यावर माझा भर.

टिळकांच्याच घरचं बघ. त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, ते अजिबात मान्य नव्हतं, काही वर्षं त्या वेगळ्याच राहिल्या, आणि पुढे एकत्र आल्यावरही त्यांचं सोवळं लगेच सुटलं नाही. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. नंतर त्या आपल्या आपण त्या वाटेला आल्या आणि मग त्याच घरात कुठली कुठली पोरं वाढली, बालकवी ठोंबरे त्यांच्याकडे राहायचे, त्यांना कोणी बाप्तिस्मा घे म्हणून मागे लागलं नाही. मला हे घर आवडतं. धर्माचा एवढा मोठा तिढा नवराबायकोत पडूनही दार लावून घेतलं नाही त्यांनी.

आणि खरं सांगायचं तर आपल्या लोकांत सगळं छान छान नाही. येशूपुढे सगळे सारखे म्हणायचं आणि मुलामुलीचं लग्न ठरवायची वेळ आली की हळूच "मूळचे कोण?" विचारायचं, हे मी चर्चच्या मंडळीत माझ्या कानाने ऐकलंय, आजही चालतं. आजीकडे धुणंभांडी करायला यायच्या त्या मावशी आमच्याच कपातून चहा प्यायच्या आणि चटईवर आमच्याच शेजारी बसायच्या, तेव्हा काही ख्रिस्ती नातेवाइकांनीच नाकं मुरडली होती. म्हणून तू "हे ख्रिश्चन आहे का" असं विचारतोस ना, तेव्हा मी गाण्यापेक्षा आधी तो कप बघते.

नाताळच्या करंज्या-चकल्यांचं पण विचारलं होतंस, की मग हे दिवाळीचं नाही का. आहे की, दिवाळीचंही आहे. फराळ करायला येतो त्या हातांनी नाताळलाही फराळच होणार. शेजारी दिवाळीत ताट पाठवायचे, आपण नाताळात पाठवायचो, रिकामं ताट परत कोणी द्यायचं नाही. माझ्या मंगळसूत्रात क्रूस आहे, लग्नात मला हळद लागली होती, तुझ्या वाढदिवसाला केक कापायच्या आधी उपकारस्तुतीची प्रार्थना होते. यात मला कधी अडचण वाटली नाही. काही लोकांना वाटते, ते म्हणतात हे सगळं सोडायला हवं, त्यांच्याशी माझं पटत नाही, पण ते माझे सख्खे लोक आहेत म्हणून त्यांच्या घरी गेले की गप्प बसते.

आता शुक्रवारचं. तुझे मित्र जेवायला येणार आहेत आणि तुला प्रार्थनेची लाज वाटतेय, बरोबर ना? प्रार्थना होईल, पण बाबा करतील आणि दोन ओळींत करतील, मी त्यांना ताकीद दिलीय. मराठीत की इंग्लिशमध्ये ते तू ठरव. मित्रांना हात जोडा, डोळे मिटा असं काही सांगायचं नाही, ज्याला खायला सुरुवात करायची असेल त्याने करावी, कोणी वाकडं बघणार नाही. आणि ताईशी तेवढं शुक्रवारच्या आधी बोलून घे.

आई