शाळेत गप्प, घरात बडबड : पालकांचे प्रश्न

शाळा सुरू झाल्यापासून बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून आलेल्या पत्रांत बहुतेकांचा विषय एकच आहे, तीन ते पाच वर्षांची मुलं आणि त्यांच्या भाषा. त्यातली चार पत्रं आज घेतेय.

प्रश्न : ताई, आम्ही खानापूर तालुक्यातल्या खेड्यातले, मुलाच्या शाळेसाठी बेळगावात खोली करून राहिलोय. मुलगा चार वर्षांचा, यंदा इंग्लिश मीडियमला एलकेजीत घातलाय. घरात तोंड बंद नसतं त्याचं, पण शाळेत दोन महिने झाले एक शब्द बोलत नाही. मिस वर्गात इंग्लिश आणि कन्नड बोलतात. त्या म्हणतात घरात मराठी बंद करा, इंग्लिशच बोला. आम्हा दोघांना इंग्लिश धड येत नाही. काय करू?

उत्तर : घरातली मराठी अजिबात बंद करू नका. हे मी पहिल्यांदा आणि अगदी ठामपणे सांगतेय, कारण शाळेनं सांगितलं म्हणून आईबाप घाबरून गप्प होतात आणि मग घरात राहतं काय, तर ईट, सिट, कम, बस्स. गोष्ट संपली, "असं का गं आई" संपलं, भांडण आणि समजूत पण संपली. मुलाचं डोकं वाढतं ते ह्याच बोलण्यातून. काल-उद्या, लहान-मोठं, कमी-जास्त, पाऊस आला म्हणून चिखल झाला, हे त्याला एकदा मराठीत कळलं की दुसऱ्या भाषेत फक्त त्याची नवी नावं शिकायची राहतात, कळायचं काम झालेलं असतं.

आता त्याचं गप्प राहणं. नवीन भाषेत टाकलेली लहान मुलं कित्येकदा काही आठवडे, काही महिने सुद्धा बोलत नाहीत, ऐकत असतात, मिसचे हात बघतात, बाकीची पोरं उठली की उठतात. आधी कळतं आणि बोलणं नंतर येतं. मिसना एवढंच विचारा की तो सांगितलेलं करतो का, खुणेनं मागतो का, पोरांत खेळतो का, हसतो का. हो म्हणाल्या तर धीर धरा. पण शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलांशी पण तो महिनोन् महिने बोलत नसेल, अंग चोरून बसत असेल, पाणी पीत नसेल, शूला जात नसेल, तर मात्र मुलांच्या डॉक्टरांना दाखवा.

मिसशी भांडायला जाऊ नका, चार शब्द लिहून द्या. पाणी पाहिजे, शूला जायचंय, दुखतंय, नको. हे तो मराठीत म्हणाला तर त्यांना कळलं पाहिजे. आणि घरी बाहुलीला पाणी पाजता पाजता त्याला कन्नडमधलं "नीरु बेकु" (पाणी पाहिजे), "साकु" (पुरे) म्हणायला लावा, खेळ म्हणून, पाठांतर नको. वर्गात मराठी बोलणारं दुसरं कोणी असेल तर त्याच्याशेजारी बसवायला सांगा.

आणि संध्याकाळी "आज काय शिकवलं, म्हणून दाखव" हे बंद करा हो. त्यापेक्षा शाळा-शाळा खेळा, त्याला मिस करा, तुम्ही पोरं व्हा. शाळेत न बोललेलं इंग्लिश आणि कन्नड कदाचित तिथंच पहिल्यांदा ऐकायला मिळेल तुम्हाला.

प्रश्न : मी निपाणीजवळच्या गावात अंगणवाडीत आहे. निम्मी मुलं मराठी, बाकी कन्नड, दोघं-तिघं घरी उर्दू बोलणारी. मी प्रत्येक वाक्य मराठीत आणि कन्नडमध्ये सांगते तरी गोंधळच होतो.

उत्तर : बाई, तुमची मेहनत कळतेय, पण प्रत्येक वाक्य दोनदा सांगू नका. मुलं हुशार असतात, आपल्या भाषेतलं वाक्य मागून येणार आहे हे त्यांना कळतं आणि दुसरं ते ऐकतच नाहीत. त्यापेक्षा वेळा वाटून घ्या. सकाळची गाणी आणि भातुकली कन्नडमध्ये, गोष्ट मराठीत, मग पुढच्या आठवड्यात तीच चिऊ-काऊची गोष्ट, त्याच बाहुल्या, तेच सूप, तीच टोपली घेऊन कन्नडमध्ये, आणि गाणी मराठीत. वस्तू हातात असली की भाषा अर्धी कळली म्हणून समजा. आणि कुणी रडत असलं, पडलं, घाबरलं तर त्याच्या घरच्या भाषेत जवळ घ्या, तिथं वेळापत्रक नाही.

बाजार-बाजार खेळ नक्की घ्या. दुकानदार कन्नड बोलणार, गिऱ्हाईक मराठी, मग अदलाबदल. आपल्या भागातल्या पोरांनी आठवडी बाजारात आईला हे करताना बघितलेलंच असतं, त्यांना काही वेगळं शिकवावं लागत नाही. उर्दूवाल्या मुलांच्या आयांना एक दिवस बोलवा, त्या एक ते दहा मोजतील, भाजीची नावं सांगतील, आपली भाषा इथं चालते हे त्या पोरांना कळणं फार मोठं आहे.

ज्येष्ठातल्या अमावास्येला, मण्णेत्तिन अमावास्येला, मातीचे बैल करतात आणि आषाढातल्या मंगळवारी मुली मातीची गुळ्ळव्वा देवी करतात. तेव्हा अंगणवाडीत मातीचं घमेलं आणा. मळणं, थापणं, शिंगं लावणं, एवढ्या सगळ्यात पोरं आपोआप एकमेकांचे शब्द उचलतात. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि त्यांनी पानं, बिया, खडे असं गावातलंच साहित्य वापरलं. विकतचे चार्ट आले नाहीत म्हणून थांबू नका. फक्त तीन वर्षांच्या आतल्या मुलांच्या हातात चिंचोके-गजगे देऊ नका, नाकातोंडात जातात.

प्रश्न : नात साडेतीन वर्षांची. "आज्जा, नीरु दे, ऊट नको" असं मिसळून बोलते. आणि शाळेत एबीसीडी, कन्नड अक्षरं दोन्ही लिहायला लावतात, घरी तिची आई क, ख, ग पण गिरवून घेते. बरोबर आहे का हे?

उत्तर : आज्जा, मिसळून बोलण्याची काळजी सोडा, दोन भाषांतली मुलं असंच बोलतात. हसू नका आणि चुकलं म्हणू नका. तुम्ही नुसतं "पाणी पाहिजे होय, घे पाणी, जेवण नको का आत्ता?" असं म्हणा आणि पुढं चला. कुणाशी कोणती भाषा ते तिचं तिलाच कळत जातं.

तीन लिप्यांचं मात्र मला वाईट वाटलं. साडेतीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल धरून ओळीत लिहायची ताकद नसते, जबरदस्ती केली तर पेन्सिल बघितली की मूल पळतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सुद्धा तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा धरून खेळातून शिकण्यावर भर आहे आणि निदान पाचवीपर्यंत जमेल तिथं घरची भाषा वापरा म्हटलंय. सूनबाईंना समजावून सांगा, रागावून नको. शेंगा सोलणं, कणकेचे गोळे, रांगोळीचे ठिपके, ओल्या मातीवर काठीनं रेघोट्या, ह्यानं हात तयार होतो. तुम्ही रोज रात्री तिला गोष्ट सांगा, तीच तीच मागितली तरी सांगा. वाचायला ती एका लिपीत नीट लागली की दुसरी लिपी तिला सोपी जाते.

प्रश्न : मुलगा अडीच वर्षांचा, आई-बाबा सोडून शब्द नाहीत. सासरचे म्हणतात घरात मराठी, शेजारी कन्नड, म्हणून गोंधळला.

उत्तर : दोन भाषांमुळं बोलायला उशीर होत नाही. दोन वर्षांच्या मुलानं दोन्ही भाषांतले मिळून बरेच शब्द बोलायला पाहिजेत आणि दोन शब्द जोडून काहीतरी म्हणायला पाहिजे, "बाबा ये" एवढं तरी. अडीचला दोनच शब्द असतील तर आधी त्याचे कान तपासायला पाहिजेत, आवाजाला वळतो असं वाटलं तरी. मुलांच्या डॉक्टरांकडे किंवा बेळगावच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये घेऊन जा, पुढं लागलं तर म्हैसूरला वाचा-श्रवण संस्था आहे, अखिल भारतीय. कुठलीही भाषा बंद करून वाट बघत बसू नका, ह्याच आठवड्यात दाखवा.