गिरसप्पाच्या (जोगच्या) धबधब्याला नक्की कधी जायचं?

प्रश्न : मागच्या मे महिन्यात मित्र गिरसप्पाला जाऊन आले, म्हणाले नुसता कोरडा कडा बघितला. आम्ही सांगलीहून आईबाबांना घेऊन जाणार आहोत, कधी जावं? जुलै चालेल का?

उत्तर : मित्र खोटं बोलत नाहीयेत. धबधब्याच्या वरच्या अंगाला शरावती नदीवर लिंगनमक्की धरण आहे, १९६४ सालचं, आणि तिथलं पाणी वीज बनवायला जातं, मग उन्हाळ्यात कड्यावर उरणार काय, चार बारीक धारा! जुलैत पाणी भरपूर पण धुकं इतकं की कधीकधी तासभर थांबूनही समोर नुसता पांढरा पडदा, आवाज तेवढा ऐकून परत यायचं. माझं विचाराल तर सप्टेंबर गाठा, पाऊस जरा ओसरलेला असतो आणि राजा, राणी, रोअरर, रॉकेट या धबधब्याच्या चारही धारा वेगवेगळ्या ओळखू येतात. राजा तर २५३ मीटर सरळ खाली, मधे कुठे टेकत नाही. पाऊस चांगला झाला आणि धरण भरून दरवाजे उघडले तर मग काय बोलायलाच नको, बातम्यांवर लक्ष ठेवा.

रस्ता बेळगाव, हुबळी, सिर्सी, सिद्धापूर असा घ्या, सिर्सीला मुक्काम केलात तर आईबाबांना बरं पडेल. खाली उतरायच्या पायऱ्या हजाराच्या वर आहेत, पावसात बंदही ठेवतात, त्यांना त्या भानगडीत पाडूच नका. वरून मस्त दिसतं.