लघवी गळतेय, मग किडनी ठेवली ते चुकलं का?

प्रश्न : ह्यांच्या (वय 56, मधुमेह) डाव्या किडनीतली साडेतीन सेंटिमीटरची गाठ दहा दिवसांपूर्वी काढली, किडनी ठेवली. ड्रेनची नळी अजून आहे. रोज दीडशे-दोनशे मिली पाणी येतं. डॉक्टर म्हणतात, लघवी गळतेय, स्टेंट टाकू. नणंद म्हणते, अख्खी किडनी काढली असती तर ही भानगडच नसती. खरं का?
– एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : ताई, नणंदबाईंचं अर्धं खरं आहे. किडनीच नसती तर गळणार काय? पण एवढ्याशा गाठीपायी मधुमेही माणसाची चालती किडनी घालवणं मला तरी पटलं नसतं.

गाठ खोलवर असली की लघवी गोळा होते तो आतला भाग उघडतो. तो शिवतात, तरी कधी टाक्यांतून झिरपतं. गाठ राहिली असा त्याचा अर्थ नाही. ड्रेनच्या पाण्यातलं क्रिएटिनिन (किडनी लघवीवाटे बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) तपासलंय का, विचारा. रक्तातल्यापेक्षा कैक पट असेल तर लघवी; तेवढंच असेल तर नुसतं जखमेचं पाणी.

नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत मोरीचा पाइप खाली तुंबला की वरच्या सांध्यातून भिंत ओली व्हायची. प्लंबर भिंतीला हात लावत नसे, आधी तुंबा काढायचा. डीजे स्टेंट म्हणजे किडनीपासून मूत्राशयापर्यंत आतून ठेवलेली बारीक नळी. तिचं काम तेच : लघवीला खाली सरळ वाट मिळाली की वरची भेग आपसूक भरते. सोबत लघवीची नळी आणि बाहेरची पिशवीही काही दिवस ठेवतात, कारण मूत्राशय भरलं की लघवी स्टेंटमधून उलटी वर चढते. कंटाळून ती काढायला लावू नका. बहुतेक गळत्या अशाच, पोट पुन्हा न उघडता थांबतात. थंडी वाजून ताप आला तर मात्र लगेच दाखवा.

मला धास्ती रक्ताची. कापलेल्या जागी धमनीला कधी फुगा धरतो आणि सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असताना दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फुटतो. स्टेंटमुळे लघवी गुलाबीसर होईल, त्याला घाबरू नका. लालभडक झाली, रक्ताच्या गाठी पडल्या, चक्कर-घाम आला, तर सकाळची वाट बघायची नाही. मांडीतून बारीक नळी घालून ती रक्तवाहिनी आतून बंद करता येते; किडनी बहुधा वाचते. ही सोय प्रत्येक रुग्णालयात नसते. रात्री दोनला कुठे जायचं, ते आजच विचारून ठेवा. घोडबंदर रोडवर गाडीत बसून फोन फिरवायची ती वेळ नव्हे.

आणि स्टेंट काढायची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. विसरलेल्या स्टेंटवर खडे धरतात, मग तो काढायलाच वेगळं ऑपरेशन लागतं.