डेक दबतोय, कीलशी भेग आहे. बोट घ्यावी का?

प्रश्न : नमस्कार काका. मी मेरीलँडमध्ये राहतो. मित्राच्या बोटीवर चेसापीक उपसागरात बरंच फिरून झालं, आता स्वतःची घ्यावीशी वाटते. ॲनापोलिसजवळ १९८४ची कॅटलिना ३० ही शिडाची बोट विकायला आहे, डिझेल इंजिनाची. मालक वयस्कर आहेत, ८,५०० डॉलर मागतात. बोट सध्या जमिनीवर आहे. डोलकाठीशेजारी डेकवर पाय दिला की दबतं आणि खाली कीलच्या (बुडाखालच्या वजनदार पात्याच्या) पुढच्या टोकाशी भेग दिसते. आतल्या गाद्या, पडदे अगदी जुनाट. बायको म्हणते, पैसे पाण्यात जातील. काय करू?
– एक वाचक

उत्तर : पडदे विसरा. भेगेचं आधी बघू.

कॅटलिना ३० सहा हजारांच्या वर बांधल्या गेल्या, त्यामुळे तिची दुखणी सगळ्यांना पाठ आहेत. या भेगेला तिकडे ‘कॅटलिना स्माइल’ म्हणतात. शिशाची कील बोल्टांनी बुडाला आवळलेली असते. त्या काळच्या कित्येक कॅटलिनांत तिथे फायबरग्लासच्या आत प्लायवूड घातलेलं आहे. बिल्जमधलं, म्हणजे बोटीच्या आतल्या तळाच्या खोलगट भागात साचलेलं, पाणी बोल्टांच्या भोकांतून प्लायवूडमध्ये मुरतं, लाकूड मऊ पडून दबतं, बोल्ट सैल होतात आणि सांधा पुढून उघडतो. गंमत अशी, की जमिनीवर बोटीचा सगळा भार कीलवर येतो आणि भेग मिटल्यासारखी दिसते. म्हणून क्रेनच्या पट्ट्यांत बोट लटकत असेल तेव्हा बघा. मग आत जाऊन बिल्जची फळी उचला. नटांखालचे वॉशर तळात रुतलेत का? भोवती गंजाचे ओघळ आहेत का? दोन्ही नसेल आणि नट नीट आवळले जात असतील, तर भेग खरवडून इपॉक्सीने भरणं हे घरी करण्याजोगं काम आहे. वॉशर रुतले असतील, तर कुजलेलं लाकूड उकरून तिथे नव्याने फायबरग्लास चढवावं लागेल. बोटी दुरुस्त करणाऱ्या यार्डाकडून त्याचा लेखी खर्च घ्या आणि तेवढे पैसे किमतीतून मागा. मालक नाही म्हणाले, तर सरळ नमस्कार करून निघा.

डेकचं मला जास्त वाटतं, कारण जागा डोलकाठीजवळची आहे. या बोटीची डोलकाठी डेकवर उभी असते आणि तिचा भार केबिनमधल्या खांबावरून खाली उतरतो. तो खांब बिल्जमध्ये लाकडाच्या ठोकळ्यावर टेकलेला असतो. ठोकळा कुजला की खांब खचतो, त्यामागे डेक खचतो. संडासाचं दार उघडझाक करून बघा, अडकत असेल तर संशय घ्या. नंतर स्क्रूड्रायव्हरची प्लॅस्टिकची मूठ घेऊन सगळा डेक ठोकत फिरा. खणखणीत आवाज आला तर फायबरग्लासच्या थरांमधलं लाकूड कोरडं आहे. ‘थप’ असा बसका आला, तर तिथे टेप चिकटवा. टेपचा डाग तळहाताएवढा असेल तर वरचा थर कापून आत नवा गाभा घालता येतो. तोच डाग डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा जिथे डेकला जोडल्यात तिथवर पोचला असेल, तर मी घेणार नाही.

त्या तारा कधी बदलल्या? पावती मागा. खाऱ्या पाण्यात दहा-पंधरा वर्षांनी त्या बदलाव्यात, दिसायला चकाचक असल्या तरी. टोकाच्या फिटिंगला केसाएवढी चीर किंवा तांबूस डाग दिसला, तर तार गेली समजा. सगळ्या बदलायला चार ते सहा हजार डॉलर धरा, म्हणजे बोटीच्या किमतीच्या निम्मे किंवा त्याहून जास्त.

इंजिनाची मला सगळ्यात कमी काळजी वाटते. युनिव्हर्सल कंपनीच्या त्या डिझेल इंजिनांचा गाभा कुबोटाचा, ट्रॅक्टरवाल्या कुबोटाचा. फक्त चाचणीच्या दिवशी तुम्ही पोचेपर्यंत ते सुरू करू नका असं मालकांना सांगा, आणि गेल्यावर आधी ब्लॉकवर हात ठेवा. गार इंजिन पहिल्या-दुसऱ्या झटक्यात घेतं का ते बघायचंय. वायरिंगच्या हार्नेसमधले (वायरींच्या जुडग्यातले) प्लग मात्र गंजून तापतात. ते काढून टाकून वायर थेट जोडून घ्या.

आगाऊ रक्कम द्याल ती ‘सर्व्हे (तज्ज्ञाकडून बोटीची तपासणी) आणि पाण्यातली चाचणी समाधानकारक झाली तर’ या अटीवरच. सर्व्हेयर एसएएमएस किंवा एनएएमएस या सर्व्हेयरांच्या संघटनांपैकी एकीचा सदस्य असावा आणि तो तुम्ही शोधलेला असावा, दलालाने सुचवलेला नको. त्याआधी विमा कंपनीला फोन करा. चाळीस वर्षांच्या बोटीला सर्व्हेशिवाय बऱ्याच कंपन्या दारात उभं करत नाहीत.

वहिनींचं म्हणाल तर त्या निम्म्या बरोबर आहेत. मरीनाचं (बोट लावायच्या धक्क्याचं) भाडं, दर वर्षी बोट बाहेर काढणं, तळाचा रंग, थंडीआधी नळांत आणि इंजिनात अँटिफ्रीझ भरणं हे फुकट मिळालेल्या बोटीलाही चुकत नाही. आधी त्या मरीनाचे दर मागवा, वर्षाचा आकडा कागदावर लिहा आणि तो दोघांनी बसून बघा. आकडा झेपत असेल, तर धुळकट पण कोरडी जुनी बोट मी नव्याने रंगवलेल्या जुन्या बोटीपेक्षा आनंदाने घेईन. विकायच्या आठवड्यात लावलेल्या रंगाखाली काय झाकलंय हे त्या मालकालाच ठाऊक.

सर्व्हेचा अहवाल आला की कील आणि डेकची पानं पाठवा, वाचून कळवतो. पडद्यांचं तुमचं तुम्ही बघा.