'गोल्ड डिगर्स ऑफ १९३३' हा विनोदी संगीतपट असूनही त्याचा शेवट इतका गंभीर का आहे?

कारण शेवटचं गाणं पहिल्या महायुद्धातून परतलेल्या, मंदीत बेकार झालेल्या सैनिकांबद्दल आहे, आणि १९३३ साली अमेरिकेत ती जखम ताजी होती. आदल्याच वर्षी हजारो माजी सैनिक युद्धसेवेबद्दल कबूल झालेला बोनस लवकर मिळावा म्हणून वॉशिंग्टनला जमले होते. जुलै १९३२ मध्ये लष्कराने त्यांना तिथून हुसकावलं. पडद्यावर ते थेट सांगितलेलं नाही, पण एक प्रसंग नीट पाहा: फुटपाथवरच्या माणसाला पोलीस पकडायला येतो, तेव्हा अभिनेत्री जोन ब्लाँडेल त्या माणसाच्या कोटाची आतली बाजू उलटून लावलेलं पदक दाखवते. एक शब्दही न बोलता! पुढे नृत्यदिग्दर्शक बझ्बी बर्कलीने तेच सैनिक आधी मिरवणुकीत, मग जखमी, आणि मग फुकट अन्नाच्या रांगेत उभे केले आहेत. मला हा त्याच्या कामातला सर्वात धाडसी भाग वाटतो.

मात्र सबंध चित्रपट असा नाही. मधला बराचसा भाग गैरसमजांवर चालणारी हलकीफुलकी प्रेमकथा आहे. तरी शेवट अगदी अचानक येत नाही, कारण आपलं नाटक मंदीवरच असणार, हे चित्रपटातला नाट्यनिर्माता सुरुवातीलाच सांगतो.